वितळण्याआधीच जळू पाहणारं प्लॅस्टिक

पीव्हीसीच्या कारखान्यांतल्या प्रयोगशाळेत एक जुनी, साधी चाचणी असते. काचेच्या अरुंद नळीत पीव्हीसीचे बारीक तुकडे भरायचे, नळीच्या तोंडाशी काँगो रेड या रंगात भिजवलेली कागदाची पट्टी अडकवायची, नळी सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या तेलात उभी करायची आणि घड्याळ लावायचं. बराच वेळ काहीच घडत नाही. मग लाल पट्टीची खालची कड निळी पडू लागते. तुकड्यांमधून आम्ल बाहेर पडू लागल्याची ती खूण. किती मिनिटं लागली तेवढं वहीत लिहायचं, झाली चाचणी.

आता त्याच नळीत तयार पाइपच्या तुकड्यांऐवजी पीव्हीसीची नुसती पांढरी भुकटी, म्हणजे कोरं रेझिन, घाला. पट्टी फार लवकर निळी होते आणि भुकटी पिवळी, तपकिरी होत काळवंडते. पाइपमध्ये बहुतेक तेच रेझिन असतं. फरक पाडते ती शंभर भाग रेझिनला लावलेली दोन-चार भाग पूड. कारखान्यात तिला स्टॅबिलायझर म्हणतात. ही चिमूटभर पूड नसती तर शेतातली पाइपलाइन, विजेच्या वायरीवरचं वेष्टन, खिडक्यांच्या पांढऱ्या चौकटी यांतलं काहीही बनलं नसतं.

प्लॅस्टिक म्हणजे कधीही न मरणारी वस्तू, असं आपण धरून चालतो. शंभर वर्षं कुजत नाही म्हणून त्याला नावं ठेवतो. पण जगात सर्वाधिक बनणाऱ्या प्लॅस्टिकांपैकी एक असलेलं हे पीव्हीसी मुळात इतकं नाजूक आहे, की घडवण्याच्या तापमानालासुद्धा ते एकट्याच्या बळावर टिकत नाही. साधारण ८० अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागतं. पण दाबून पाइपचा आकार घेण्याइतकं वाहतं व्हायला १८० ते २०० अंश लागतात. आणि विघटन सुरू होतं शंभरच्या थोडं पुढेच. म्हणजे वितळायच्या वाटेवर असतानाच ते जळायला लागतं.

याच खोडीमुळे पीव्हीसी कित्येक दशकं बाटलीतच राहिलं. १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांनी व्हिनाइल क्लोराइडच्या नळ्या उन्हात ठेवल्या आणि आत पांढरा घन पदार्थ जमलेला पाहिला. १९१२ मध्ये फ्रिट्झ क्लाट्टे यांनी तो औद्योगिक रीतीने बनवायची वाट शोधली. त्यांच्या कंपनीने पेटंट घेतलं, पण त्याचा उपयोग काय करावा हे उमगेना आणि १९२५ मध्ये ते सोडून दिलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, बी. एफ. गुडरिच कंपनीत, वॉल्डो सेमन रबर धातूला घट्ट चिकटवणारं काहीतरी शोधत होते. त्यांनी पीव्हीसी एका जड, सहज न उकळणाऱ्या द्रवात तापवलं. थंड झाल्यावर हाती आला रबरासारखा लवचिक गोळा. धातूला तो चिकटला नाही, पण त्यातून मऊ पीव्हीसीचा सगळा व्यवसाय उभा राहिला. द्रव मिसळल्यामुळे पीव्हीसी कमी तापमानाला वाहतं झालं होतं. कडक पाइपमध्ये मात्र असा द्रव घालता येत नाही. तिथं उष्णतेला तोंड देण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या नाजूकपणाचं मूळ मिठात आहे. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो आणि हा क्लोरीन साध्या मिठापासून मिळवतात. शेतात पुरलेल्या पाइपमध्ये खनिज तेलापेक्षा मिठाचा वाटा मोठा असतो, हे वाक्य ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण खरं आहे. पाइपसाठीच्या रेझिनमध्ये एकेका साखळीत साधारण हजार घटक जोडलेले असतात आणि प्रत्येक घटकावर एक क्लोरीन अणू बसलेला असतो. बहुतेक अणू घट्ट बसलेले. पण साखळी बनताना कुठे एखादी फांदी फुटते, कुठे चुकून दुहेरी बंध राहतो. अशा जागी, हजारात एखाद-दुसऱ्या ठिकाणी, क्लोरीनची पकड सैल असते.

उष्णता लागली की पहिला निघतो तो हाच. जाताना शेजारचा हायड्रोजन घेऊन जातो. दोघांचं मिळून हायड्रोजन क्लोराइड होतं आणि साखळीत त्या जागी दुहेरी बंध तयार होतो. या नव्या बंधामुळे शेजारचा क्लोरीन सैल पडतो. तो निघाला की त्याच्या पलीकडचा. स्वेटरचा एक टाका सुटावा आणि ओळच्या ओळ उसवत जावी, तशी साखळी उसवते. त्यात भर म्हणजे बाहेर पडलेलं आम्ल या उसवण्याला आणखी वेग देतं. सुरुवात सावकाश असते, पण एकदा आम्ल साठलं की आवरत नाही.

पिवळा रंग येतो तो या दुहेरी बंधांमुळेच. एकाआड एक असे पाच-सात बंध सलग झाले, की ती रांग निळा प्रकाश शोषू लागते आणि पदार्थ पिवळा दिसतो. रांग लांबली की केशरी, मग तपकिरी, शेवटी काळा. गाजराचा केशरी रंगही याच रचनेतून येतो. गाजरातल्या बीटा कॅरोटीनमध्ये असे अकरा दुहेरी बंध ओळीने असतात. मशीनवर पाइप पिवळसर येऊ लागला की ऑपरेटर म्हणतो, ‘मटेरियल जळतंय.’ रसायनशास्त्राच्या नजरेने त्या क्षणी पाइपमध्ये गाजराच्या रंगाची भावंडं जन्माला येत असतात. मला या विषयात सगळ्यात मोहवणारी गोष्ट हीच वाटते.

स्टॅबिलायझरची कामं दोन. सुटलेलं आम्ल लगेच धरून ठेवणं, आणि सैल क्लोरीन काढून त्याच्या जागी पक्की बसणारी दुसरी काही गोष्ट बसवणं. दुसऱ्या कामाचा उलगडा १९५०च्या दशकाच्या अखेरीस फ्राय आणि हॉर्स्ट या दोन शास्त्रज्ञांनी केला. उद्योगाने मात्र उत्तर त्याआधीच शोधून ठेवलं होतं: शिसं.

शिशाला आज आपण दोष देतो, आणि ते योग्यच आहे. पण ते इतकी वर्षं का टिकलं हे समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळत नाही. शिशाची पांढरी संयुगं आम्ल झपाट्याने शोषतात. त्यातून लेड क्लोराइड बनतं आणि ते तिथंच निमूट पडून राहतं. साखळीच्या उसवण्याला हातभार लावत नाही, पाण्यात फारसं विरघळत नाही, वीज वाहू देत नाही, म्हणून वायरीच्या वेष्टनालाही चालतं. शिवाय स्वस्त, आणि मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी खपवून घेणारं. छोट्या कारखानदाराला याहून सोयीचं काय असणार?

अडचण एकच, आणि ती मोठी. शिसं हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते घाला घालतं आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळी जागतिक आरोग्य संघटनेला ठाऊक नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाइपच्या आतल्या पृष्ठभागावरचं शिसं, विशेषतः पाइप नवा असताना, थोडं थोडं पाण्यात उतरतं. कारखान्यात ती पूड हाताळणाऱ्या कामगारांचा धोका तर त्याआधीचा. युरोपातल्या उद्योगाने २०१५ अखेर नव्या पीव्हीसीत शिसं वापरणं थांबवलं. अमेरिकेत पाइपसाठी कथिलाची सेंद्रिय संयुगं कधीपासूनच रुळली होती. ती इतकी प्रभावी, की शंभर भागांना अर्ध्या भागाच्या आसपास पुरतात. भारतात पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबाबतचे केंद्र सरकारचे नियम २०२१ मध्ये आले आणि कारखाने कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझरकडे वळू लागले.

या बदलातली खरी करामत झिंकमध्ये आहे. झिंकचा साबण, म्हणजे स्निग्धाम्लाशी झालेलं त्याचं संयुग, सैल क्लोरीन काढून पक्की जोडणी करण्यात तरबेज. पण हे करताना तो स्वतः झिंक क्लोराइड होतो, आणि झिंक क्लोराइड साखळी उसवण्याला जबर वेग देतं. म्हणजे रक्षक आपलं काम संपवताच शत्रूला जाऊन मिळतो. नुसतं झिंक घातलेलं पीव्हीसी सुरुवातीला पांढरंशुभ्र राहतं आणि मग एकाएकी काळंठिक्कर पडतं.

म्हणून जोडीला कॅल्शियमचा साबण. तो झिंककडून क्लोरीन स्वतःकडे घेतो, निरुपद्रवी कॅल्शियम क्लोराइड होतो आणि झिंकला पुन्हा साबणाच्या रूपात कामावर पाठवतो. तेवढ्यानेही भागत नाही. मग हायड्रोटाल्साइट हे खनिज येतं. ते प्रथम नॉर्वेतल्या स्नारुम इथं सापडलं आणि १८४२ मध्ये त्याचं वर्णन झालं. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे पातळ थर आणि त्यांच्या मध्ये कार्बोनेट, अशी त्याची घडण. आम्ल आलं की कार्बोनेट बाहेर पडतं आणि क्लोराइड थरांच्या मध्ये जाऊन बसतं, कायमचं. औषधांच्या दुकानात पित्तावर मिळणाऱ्या काही गोळ्यांत हेच खनिज असतं. पोट असो की पाइप, त्याचं काम आम्ल आवरण्याचं.

सुरुवातीचा पिवळेपणा रोखायला बीटा-डायकीटोन जातीची सेंद्रिय संयुगं घालतात. हळदीतलं कर्क्युमिनही याच जातीचं. मऊ पीव्हीसीत रासायनिक प्रक्रिया केलेलं सोयाबीन तेल असतं. त्यातली ऑक्सिजनची छोटी तीनकोनी कडी आम्ल पकडते. लातूरच्या बाजारात उतरणारं पीक आणि वायरीचं वेष्टन यांचा असाही संबंध आहे! शिशाने एकट्याने केलेलं काम आता चार-पाच जण वाटून घेतात आणि त्यांतल्या एकाचंही माप चुकून चालत नाही.

साखळी शाबूत राहिली म्हणजे पाइप चांगला झाला असं मात्र नाही. आकार देतानाची प्रक्रिया तितकीच अवघड. रेझिनचा एकेक दाणा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून किंचित मोठा, आणि त्याच्या आत सुमारे एक मायक्रॉनचे असंख्य कण. मिक्सरमध्ये रेझिन, स्टॅबिलायझर, मेण, स्टिअरिक ॲसिड, चुनखडीची भुकटी आणि रंग एकत्र घुसळतात. घर्षणाने मिश्रण ११५-१२० अंशांपर्यंत तापतं, मग ते थंड करून एक्स्ट्रूडर या पाइपला आकार देणाऱ्या यंत्राच्या दोन स्क्रूंमध्ये सोडतात. तिथं दाणे फुटतात, आतले कण एकमेकांना चिकटतात, एकाच्या साखळ्या दुसऱ्यात शिरतात. थंड होताना जागोजागी बारीक स्फटिक बनतात आणि तेच सगळी रचना बांधून ठेवतात. याला जेलेशन म्हणतात.

गंमत अशी, की पीव्हीसी पूर्ण वितळू द्यायचं नसतं. जेलेशन कमी झालं तर पाइप ठिसूळ राहतो, खूप झालं तरी चिवटपणा घटतो. या मधल्या अरुंद पट्ट्यात राहण्याची किल्ली पुष्कळ अंशी मेणाकडे असते. मेण जास्त झालं तर माल धातूवरून घसरत राहतो, पुरेसं घर्षण होत नाही आणि दाणे न फुटताच डायमधून बाहेर पडतात. कमी पडलं तर माल बॅरलला चिकटतो, तिथंच रेंगाळतो आणि जळतो. बाहेरून दोन्ही पाइप सारखेच गुळगुळीत दिसू शकतात. फरक कळतो तो तुकडा मेथिलीन क्लोराइडमध्ये बुडवल्यावर. जेलेशन नीट झालं असेल तर तुकडा तसाच राहतो, कच्चं असेल तर पृष्ठभाग पांढरा पडून सुटू लागतो.

आपल्याकडे हा विषय दूरचा नाही. रत्नागिरीजवळ फिनोलेक्सचा पीव्हीसी रेझिनचा कारखाना आहे, जळगावात जैन इरिगेशनचा पाइपांचा पसारा आहे आणि विहिरीपासून बांधापर्यंतचं पाणी या राज्यात बहुतांशी याच पाइपांतून जातं. खरा पेच पुढचा आहे. जुने पाइप उकरून निघतात, भंगारात जातात, दळून पुन्हा वापरले जातात, आणि त्यांच्यातलं शिसं त्यांच्याबरोबरच येतं. हे भंगार गंधकयुक्त कथिलाच्या मालात मिसळलं तर लेड सल्फाइड बनून पाइप डागाळतो, काळा पडतो. निदान तिथं डोळ्यांना दिसतं तरी. कॅल्शियम-झिंकच्या मालात मिसळलं तर काहीच दिसत नाही, आणि मला भीती वाटते ती या न दिसण्याची.

म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी पाइप घेताना त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४९८५ हा क्रमांक छापलेला आहे का ते पाहा, पाइप शिसेमुक्त आहे का हे दुकानदाराला स्पष्ट विचारा, आणि भंगारातून बनलेला बिनशिक्क्याचा स्वस्त पाइप पिण्याच्या पाण्याला लावू नका. चर खणायला वेळ असेल तर आणलेले पाइप तोवर सावलीत ठेवा. भट्टीतली उष्णता सोसायला दिलेली चिमूट वर्षभराचं ऊन सोसायला पुरत नाही.