मध्यस्थावाचून ओळख



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मला ठाऊक आहे. ‘मुंबईसारख्या शहरातील ऑनलाइन डेटिंग’ हा विषय वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारलेही. मी त्यांना उलट विचारले, “आपली कन्या सध्या कोठे असते?” ती गोरेगावला असते, आणखी तिघींबरोबर भाड्याच्या जागेत राहते, सकाळी आठला बाहेर पडते आणि रात्री नऊला परतते. या सभागृहात अशी घरे थोडीथोडकी नाहीत. तेव्हा विषय मुलांचा असला, तरी बोलावयाचे आहे ते त्यांच्याइतकेच आपल्याशीही.

प्रथम शब्दाविषयी. डेटिंग म्हणजे लग्न ठरविणे नव्हे, आणि पुष्कळांना वाटते तसा तो स्वैराचारही नव्हे. पुढे काय होईल ते आधी न ठरविता दोन माणसांनी एकमेकांस भेटून पाहावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. ही भेट पूर्वी कॉलेजात, कचेरीत, शेजारात होत असे. आता ती हातातल्या फोनवरून ठरते. मुंबईची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी २४ लाख भरली. पण एवढ्या माणसांत रविवारी संध्याकाळी ज्याच्याकडे सहज जावे असा एकही माणूस नाही, ही तक्रार तेथे नोकरीस गेलेल्या कोणाही मुलाच्या तोंडून ऐकावी. ॲपचा खरा आधार त्या रविवारच्या संध्याकाळीत आहे.

कल्पनाही काही आजची नाही. १६९५ साली लंडनच्या एका पत्रात एका गृहस्थाने वधू पाहिजे अशी जाहिरात दिली होती. पत्र शेती व व्यापार या विषयांना वाहिलेले, आणि वधूजवळ सुमारे तीन हजार पौंड असावेत अशी वराची अपेक्षा! हुंड्याची हाव केवळ आपलीच नव्हे, एवढे त्यावरून दिसते. १९६५ साली अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी तीन डॉलर घेऊन प्रश्नावली भरून घेण्याचा आणि संगणकाकडून जोड्या सुचवून घेण्याचा उद्योग काढला. इंटरनेटवर ‘मॅच’ १९९५ मध्ये आले. आपल्याकडील ‘शादी’ हे विवाहजुळणीचे संकेतस्थळ त्यानंतर थोड्याच वर्षांत सुरू झाले. २०१२ मध्ये आलेल्या ‘टिंडर’ने छायाचित्र बोटाने उजवीकडे सरकविले की पसंती, डावीकडे सरकविले की नापसंती, अशी युक्ती रूढ केली. दोघांची पसंती जुळली म्हणजेच संभाषणाचे दार उघडते. यंत्र करते ते इतकेच.

आणि नेमकी येथेच गोम आहे. आपल्याकडे स्थळ सुचविणारा मध्यस्थ असे. मामा, आत्याबाई, वधूवरसूचक मंडळाचे कार्यवाह, कोणीही असोत. हा माणूस कितीतरी कामे करी. मुलगा खरोखर आहे का, नोकरी सांगतो तीच आहे का, आधीचे लग्न झाले आहे का, दारूचे काय, याची तो चौकशी करी. भेट कोठे, केव्हा, कोणाच्या समक्ष, हे तो ठरवी. नकार द्यावयाचा झाला तर “पत्रिका जुळत नाही” या आपल्या समाजाने शोधून काढलेल्या अत्यंत सभ्य वाक्याने तो देई, आणि कोणाचाच अपमान होत नसे. शेवटी, काही विपरीत घडले तर लोक त्याच्या दारात जाऊन जाब विचारीत.

त्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. हाच मध्यस्थ जातीबाहेरचे स्थळ मनातही आणत नसे. घटस्फोटित स्त्रीला, पन्नाशीच्या विधुराला त्याच्या वहीत जागा मिळे ती शेवटच्या पानावर. समलिंगी व्यक्तींना तर ती कधीच मिळाली नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या संमतीने जुळलेल्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला, तरी त्यांच्यासाठी स्थळ घेऊन कोणी आत्याबाई निघाल्याचे ऐकिवात नाही. या सर्वांना फोनने दार उघडून दिले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र मध्यस्थ गेला तरी त्याची कामे शिल्लक राहिली आहेत. ती आता ज्याची त्याने करावयाची आहेत, आणि ती कशी करावी हे मुलांना कोणी शिकविलेले नाही.

पहिले काम चौकशीचे. ते स्वतःपासून सुरू होते. आपली माहिती लिहिताना खरे लिहावे, पण सगळे लिहू नये. वय, आवडीनिवडी, मैत्री हवी की लग्नाचा विचार आहे, हे स्पष्ट असावे. ‘प्रवासाची आवड’ असे हजारांनी लिहिलेले वाक्य लिहिण्यापेक्षा गेल्या पावसाळ्यात कोणता गड चढलो ते लिहिले तर बोलावयास विषय तरी मिळतो. आडनाव, कचेरीचे नाव, इमारतीचे नाव मात्र देऊ नये. छायाचित्रे याच नजरेने पुन्हा तपासावीत. गळ्यातले ओळखपत्र, मागे दिसणारी सोसायटीची पाटी, दाराशी उभ्या स्कूटरचा क्रमांक, एवढ्यावरून पत्ता काढता येतो.

समोरच्याच्या नावापुढे जी ‘पडताळणी झाली’ अशी खूण दिसते, तिचा अर्थ पुष्कळांनी फार मोठा घेतलेला आहे. सामान्यतः ती खूण छायाचित्रातला चेहरा आणि फोन धरणाऱ्याचा चेहरा एक आहे, इतकेच सांगते. तो विवाहित आहे काय, हे ती सांगत नाही. म्हणून भेटीपूर्वी एकदा पाच-दहा मिनिटे चित्रसंवाद करावा, म्हणजे उसनी छायाचित्रे लावणारे बहुतेक गळतात. (बहुतेक म्हणतो, कारण आता चालता-बोलता चेहराही बनावट करता येतो.) छायाचित्र इंटरनेटवर शोधून ते आणखी कोणाच्या नावावर आहे का तेही पाहता येते. पहिल्याच दिवशी “येथे नको, तुझा नंबर दे” असा धोशा लावणाऱ्यास थोडे थांबवावे. ॲपवर त्याची तक्रार करता येते आणि त्याला रोखता येते; नंबर एकदा गेला की गेला.

दुसरे काम भेटीचे, आणि येथे मुंबईचा नकाशा आडवा येतो. ॲप अंतर मोजते ते सरळ रेषेत. बोरिवलीच्या मुलाला ठाण्याची मुलगी बारा-पंधरा किलोमीटरांवर दिसते. पण मध्ये शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे! तेव्हा एक तर घोडबंदरवरून वळसा घालून जावयाचे, नाहीतर गाडीने दादरपर्यंत खाली येऊन दुसऱ्या मार्गाने पुन्हा वर चढावयाचे. उलट विरार आणि चर्चगेट यांत साठ किलोमीटर असूनही दोघे एकाच गाडीच्या मार्गावर आहेत, आणि त्यांची भेट पुष्कळदा अधिक सोपी पडते. घाटकोपर आणि अंधेरी यांची सोयरीक २०१४ साली मेट्रोने जुळविली, असे मी थट्टेने म्हणत असतो. त्यापूर्वी त्या दोन ठिकाणांमधला प्रेमालाप बसच्या गर्दीत घुसमटूनच मेला असता. म्हणून मुंबईत माणूस निवडताना किलोमीटर पाहू नयेत, मार्ग पाहावा आणि गाडी किती वेळा बदलावी लागते ते मोजावे.

भेटीची जागा दोघांच्या मध्यावर असावी. दादर-माटुंगा हा भाग त्यासाठी फार सोयीचा, कारण पश्चिम आणि मध्य असे दोन्ही मार्ग दादरला एकत्र येतात. माटुंग्याच्या उडुपी उपाहारगृहांत इडली आणि कॉफीवर पाऊण तास सहज जातो, आणि बाहेर लोक ताटकळत असल्यामुळे त्याहून अधिक बसताही येत नाही. पहिल्या भेटीला ही मोठीच सोय आहे. दक्षिणेकडे राहणाऱ्यांना जहांगीर कला दालन आहे, पश्चिम उपनगरांतल्यांना जुहूच्या पृथ्वी थिएटरचे आवार आहे. चित्रे किंवा नाटक असले की बोलणे खुंटल्यास पाहावयास काहीतरी असते. चित्रपटगृह मात्र पहिल्या भेटीस निरुपयोगी. अंधारात तीन तास गप्प बसून ओळख कशी व्हावयाची?

वेळ दिवसाची ठरवावी. जाणे-येणे आपले आपण करावे. “मी घरी न्यायला येतो” हे सौजन्य पहिल्या भेटीत नाकारावे, कारण त्याने घर कळते. आणि जागा ज्याची त्याने सुचविलेली असली तरी तेथेच जाण्याचा हट्ट दिसला तर सावध व्हावे. २०२४ मध्ये मुंबईत आणि दिल्लीत असे प्रकार उघडकीस आले की, ॲपवरून ओळख झालेली मुलगी तरुणाला ठरावीक बारमध्येच नेई, महागडी पेये मागवी, एकाएकी काही निमित्त काढून निघून जाई, आणि हजारो रुपयांचे बिल तरुणाच्या गळ्यात पडे. धोका केवळ मुलींनाच असतो, असे समजून जे वडील मुलाविषयी निर्धास्त असतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

पैशाच्या फसवणुकीचे नमुने आता इतके ठरीव झाले आहेत की, ते ओळखणे कठीण नाही. परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनियर भेटवस्तू पाठवितो; मग सीमाशुल्क खात्याचा म्हणवणारा अधिकारी फोन करून अमुक खात्यावर शुल्क भरा म्हणतो. दुसऱ्या प्रकारात महिनाभर अत्यंत गोड, अत्यंत काळजीवाहू संभाषण होते, आणि नंतर हळूच एखाद्या गुंतवणुकीची गोष्ट निघते. सुरुवातीला थोडा नफाही हातात पडतो. तिसरा प्रकार सर्वांत क्रूर. चित्रसंवादात विवस्त्र होण्यास भाग पाडून ते चित्रित करावयाचे, आणि “तुझ्या आईवडिलांना पाठवितो” म्हणून पैसे उकळावयाचे. ज्या माणसाची प्रत्यक्ष भेट झालेली नाही, त्याला एक रुपयाही पाठवू नये आणि तसले एकही चित्र देऊ नये, हा नियम मोडण्यास सबळ कारण म्हणून मुले जे जे सांगतात, ते सारे फसविणाऱ्यानेच पुरविलेले असते.

एवढे करूनही चूक घडली तर? पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण पुसून टाकू नये, तोच पुरावा असतो. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. ताबडतोब म्हणण्याचे कारण असे की, गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर हलविला जातो, आणि तो हलण्यापूर्वी बँकेने अडविला तरच हाती लागण्याची आशा असते. जिवाला धोका वाटला तर ११२. खाजगी चित्रे संमतीवाचून पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर, ओळख लपवून लग्न करून किंवा पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषासाठी कलम ६९ स्वतंत्रपणे घातलेले आहे. धमकी देणारा सांगतो त्याप्रमाणे तक्रार करणारा गुन्हेगार ठरत नाही.

नकाराविषयी थोडेसे. “पत्रिका जुळत नाही” हे वाक्य आता चालत नाही, त्यामुळे मुले उत्तर देणेच बंद करतात. समोरचा माणूस मात्र आठवडाभर फोन उघडून पाहत बसतो. “भेटून बरे वाटले, पण पुढे जाण्याची माझी इच्छा नाही” एवढे लिहावयास अर्धे मिनिट लागते. ज्याला हे वाक्य मिळेल त्याने कारण विचारीत बसू नये. आपल्या मुलग्यांना ही दुसरी गोष्ट विशेष बजावून सांगण्याची गरज आहे. नकारानंतर पाठलाग करणे, फोनवरून करणेसुद्धा, गुन्हा आहे.

आता राहिले जाब विचारण्याचे काम, आणि ते आपल्याकडे येते. मी वर सांगितलेल्या प्रत्येक फसवणुकीत फसविणाऱ्याचे खरे भांडवल एकच असते: या मुलीने, या मुलाने, ही गोष्ट घरी सांगितलेली नाही. “घरी कळवीन” या दोन शब्दांची किंमत लाखांत जाते ती त्यामुळे. जिच्या घरी आधीच ठाऊक आहे, तिला तो काय कळविणार? म्हणून सर्व सूचनांत मी सर्वांत वरची सूचना ही मानतो की, प्रत्येक भेटीपूर्वी कोणाला जावयाचे, कोठे आणि केव्हा, हे एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवावे आणि फोनवरून आपले ठिकाण त्याला दिसेल असे करावे. हे माणूस मैत्रीण असेल, मोठा भाऊ असेल. ती आई का असू नये, याचे उत्तर मुलींपेक्षा आयांनी द्यावयाचे आहे.

माझ्या परिचयाच्या एका घरी असाच प्रसंग आला. मुलीने मुंबईहून फोन करून सांगितले, “आई, शनिवारी मी एकाला भेटणार आहे, ॲपवर ओळख झाली.” आईचा पहिला प्रश्न, “कोणातला?” मुलगी “राहू दे” म्हणाली आणि विषय बदलला. ती शनिवारी गेलीच. फक्त कोठे गेली हे घरी कोणाला ठाऊक नव्हते. सुदैवाने मुलगा सज्जन निघाला. पण त्या संध्याकाळी ती सज्जनतेच्या भरवशावर होती, घराच्या नव्हे. पुढे आईनेच हे मला खंतावून सांगितले, आणि पुढच्या खेपेस काय विचारू, असेही विचारले.

जात, पगार, पत्रिका यांना पुढे हवा तेवढा वेळ आहे. मी त्यांना सुचविले ते असे: “कोठे भेटणार आहेस? परतायला कोणती गाडी धरशील? पोचलीस की फोन कर, मी जागी आहे.”