फिरती सावली

जाड तारेचा एक वेडावाकडा तुकडा दिव्यासमोर धरला, तर त्याची सावली पडद्यावर पडते. ती पडद्याच्या दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्यास केवळ काही सपाट रेघा दिसतात. तारेचा कोणता भाग पुढे आला आहे व कोणता मागे गेला आहे, याचा त्या रेघांत मागमूसही नसतो. पण तार हळूहळू फिरवू लागताच मोठे नवल घडते. सपाट रेघा जणू पडद्यातून उठून उभ्या राहतात आणि एक खरीखुरी तार अवकाशात वळत आहे असा भास होतो.

हान्स वॉलॅक व त्यांचे सहकारी ओकॉनेल यांनी १९५३ साली अमेरिकेत या चमत्काराचा कसून अभ्यास केला. तार फिरते तेव्हा तिच्या सावलीतील रेघांची लांबी बदलते आणि दिशाही बदलते. हे दोन्ही बदल एकदम घडले, तरच घनाकृती दिसते. एखादी सरळ काडी अशा रीतीने फिरवली की सावलीची केवळ लांबीच कमीजास्त व्हावी, तर पाहणाऱ्यास आखडणारी व ताणणारी एक सपाट रेघ तेवढी दिसते. आणखी एक मौज अशी की, एकदा फिरताना पाहिलेली सावली पुढे स्थिर असली, तरी पुष्कळदा तिला खोली असल्यासारखी वाटते!

असे का व्हावे? रेघा क्षणोक्षणी आपले रूप बदलत आहेत, असे मानण्यापेक्षा न बदलणारी एकच वस्तू वळत आहे, असे मानणे दृष्टीला सोपे जाते. ही समजूत निराधार नाही. एका पातळीत नसलेले, ताठ वस्तूवरचे चार बिंदू तीन निरनिराळ्या स्थितींत दिसले, तर त्यांवरून तिचा आकार गणिताने काढता येतो, हे शिमॉन उलमन यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले.

मात्र पुढचे कोणते आणि मागचे कोणते, हा प्रश्न सावली सोडवीत नाही. त्यामुळे तीच सावली कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे वळताना दिसते. संधिप्रकाशात दुरून पाहिलेल्या पवनचक्कीची गोष्ट अशीच आहे. तिची काळी आकृती तेवढी आकाशावर दिसत असते. पाती एका दिशेने फिरता फिरता अकस्मात उलटी फिरू लागल्यासारखी वाटतात. झिन्स्टेडेन या जर्मन संशोधकाने १८६० साली हे नमूद केले. वारा बदललेला नसतो आणि चक्कीही तशीच फिरत असते.