नेटवर्क हॉस्पिटल आणि तुमचं बिल

विमा कंपनीचा ज्या हॉस्पिटलांशी दरांचा करार असतो, ती तिची नेटवर्क हॉस्पिटलं. तिथं कॅशलेस सोय मिळते. बाहेर बहुधा आधी खिशातून भरायचं, मग क्लेम करायचा. (जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ या उपक्रमामुळे बाहेरही सोय मिळू शकते, पण ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर ४८ तास आधी कळवावं लागतं.)

खरी मेख खोलीभाड्यात आहे. पॉलिसीत मर्यादा रोज ५,००० रुपयांची आणि तुम्ही घेतली १०,००० रुपयांची खोली, तर फटका नुसत्या भाड्यापुरता राहत नाही. अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चसुद्धा निम्माच मंजूर होतो. औषधं आणि इम्प्लांट या कपातीतून वगळलेली असतात, तेवढाच दिलासा. तेव्हा हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवर (जिथं विम्याचे क्लेम हाताळतात) आधी खोलीचं विचारा. नेटवर्कच्या यादीतलं हॉस्पिटलचं नावही त्याच दिवशी पुन्हा बघा, कारण करार मध्येच संपतात.