खाऱ्या किनाऱ्यावरचं गोडं पाणी

उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. तीन बाजूंनी खारं पाणी असलेल्या या चिंचोळ्या पट्ट्यात वसईच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पानवेल, केळी, भाजी आणि फुलं पिकवली. इथल्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी मुंबईकरांच्या ओळखीची आहे. पहाटेच्या लोकलने भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन शहरात जाणाऱ्या वसईच्या बायकाही तितक्याच ओळखीच्या. या सगळ्याच्या मुळाशी घरामागचा एक खोदलेला खड्डा होता. वसईत त्याला बावखल म्हणतात.

बावखल विहिरीइतकं खोल नसतं आणि तळ्याइतकं मोठं नसतं. वाडीच्या कडेला किंवा घराच्या मागल्या अंगाला ते खोदायचं. निघालेल्या मातीने घराचं जोतं उंच करायचं, उरलेली वाडीत पसरायची. मग पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्यात उतरायचं आणि हळूहळू जमिनीत मुरायचं. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी झिरपून पुन्हा बावखलात यायचं. काठावर रहाट, रहाटाला बैल नाहीतर रेडा, आणि गाडग्यांतून पडणारं पाणी पाटाने केळींच्या मुळाशी. त्याच पाण्यात मासे वाढायचे, गुरं पाणी प्यायची, कपडे धुतले जायचे. गावात एक मोठं धरण बांधण्याऐवजी घरोघरी अशी छोटी साठवण करायची, ही या गावांची पाण्याची व्यवस्था. ती कोणत्याही सरकारी योजनेतून आलेली नव्हती, तरी ती चांगल्या अभियंत्यालाही मान्य व्हावी इतकी विचारपूर्वक केलेली होती.

समुद्रकाठच्या रेताड जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाली मुरतं आणि समुद्राकडून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते थोडं हलकं असतं. समुद्रसपाटीच्या वर जितकं गोडं पाणी असेल, त्याच्या साधारण चाळीस पट जाडीचा गोड्या पाण्याचा थर सपाटीखाली टिकून राहतो. याची उलटी बाजू भीतिदायक आहे. उपसा करून वरची पातळी एक मीटरने उतरवली, तर कालांतराने खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू शकतं. बावखल हा थर वरच्यावर, बैलाच्या चालीने वापरतं आणि दर पावसाळ्यात पुन्हा भरतं. खोल कूपनलिका आणि विजेचा पंप त्याच थराच्या तळाला हात घालतात. वसईत पुढे जे घडलं त्याचं कारण बऱ्याच अंशी या एका फरकात आहे.

या बावखलांच्या काठावर राहणारी माणसं बहुसंख्येने कॅथलिक. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू इथे आले. संत फ्रान्सिस झेवियर यांनीही 1540 च्या दशकात वसईला भेट दिली. 1597 मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले आणि 1862 मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया वसईचेच. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज निघून गेले, ख्रिस्ती शेतकरी मात्र आपापल्या वाड्यांत राहिले. दोनशे वर्षांत झेंडा दोनदा बदलला आणि अनेकांचा धर्म बदलला. पाणी खोदण्याची, साठवण्याची आणि पाटाने वळवण्याची रीत तीच राहिली. ख्रिस्ती कुपारी आणि हिंदू सामवेदी ब्राह्मण आजही कादोडी ही एकच बोली बोलतात, आणि दोघांच्या वाड्यांना पाणी देणारी बावखलंही एकाच तऱ्हेची.

धर्मांतरानंतर जुन्या जगातलं काय टिकलं, हे पाहायचं असेल तर लग्नघरात जावं. वसई, ठाणे आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाआधी ‘उंबराचं पाणी’ आणतात. बायका वाजतगाजत, गाणी म्हणत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाला किंवा नवरीला न्हाऊ घालतात. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये धर्मगुरूंपुढे विवाहाची वचनं घेतली जातात. आदल्या दिवशीच्या विहिरीला आणि दुसऱ्या दिवशीच्या वेदीला एकमेकांची अडचण होत नाही. विहिरीवरून आणलेल्या पाण्याने न्हाऊन नवा जन्म सुरू करणं आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने नव्या जीवनात प्रवेश करणं यांतलं नातं त्या बायकांना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली, तेव्हा वसईच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची आणि ईस्टरच्या आदल्या रात्री पाणी आशीर्वादित करण्याची प्रार्थना मराठीत ऐकू येऊ लागली.

गोव्यात हेच नातं जास्त धसमुसळेपणाने प्रकट होतं. 24 जून हा योहान बाप्तिस्ताचा जन्मदिवस, गोव्याचा सांजांव. मरियेचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्या उडीची आठवण म्हणून डोक्यावर फुलापानांचे कोपेल घातलेले तरुण घुमटाच्या तालावर गावभर फिरतात आणि विहिरींत उड्या घेतात. शिवोलीत सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते, नव्या जावयांचा मान होतो. जूनच्या अखेरीस पावसाने विहिरी भरत आलेल्या असतात. पॅलेस्टाइनमधल्या कथेला कोकणच्या मृगाची साथ मिळाली, म्हणून हा सण गोव्याचा झाला. त्या तारखेला कोरड्या विहिरी असलेल्या मुलखात तो असा रुजला नसता.

घाटावरची गोष्ट निराळी. तिथे पाणी कमी. पाणवठ्यावर कोणी यायचं याचे नियम मात्र घाटावर कडक होते, तसे कोकणातही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी कोकणातल्या महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, ते याच नियमांविरुद्ध. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीकाठी बसलेला येशू एका शमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी माणसाने शमरोन्याच्या भांड्यातून पाणी प्यावं हेच तिला खरं वाटत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला या प्रसंगावर टीप लागत नाही. पंडिता रमाबाईंना इंग्लंडमध्ये पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी चाललेलं काम पाहताना हीच कथा भिडली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींना त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आणलं. तिथल्या उजाड माळावर विहिरी खणून बाग आणि शेती उभी केली, आणि तिथल्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्यांचं मराठी बायबल छापलं गेलं. शमरोनी स्त्रीच्या कथेचा इतका कष्टाचा आणि इतका उपयोगी अर्थ मराठीत दुसऱ्या कुणी लावला असेल असं वाटत नाही.

वसईत संकट आलं ते दुष्काळाच्या रूपाने आलं नाही. इथे वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. संकट आलं टँकरच्या रूपाने. 1980 च्या दशकात वसई, नालासोपारा आणि विरारमध्ये इमारती वाढू लागल्या. बांधकामांना आणि नव्या वस्त्यांना पाणी हवं होतं, आणि ते हिरव्या पट्ट्यातल्या विहिरींतून पंपाने उपसून टँकरने नेलं जाऊ लागलं. वरचा गोडा थर उतरला, खालून खारं पाणी चढलं आणि वाड्यांमधल्या विहिरी मचूळ झाल्या. केळीला खारं पाणी सोसत नाही, पानवेलीला तर नाहीच. त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो, मार्कुस डाबरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीमार्फत आंदोलन उभं केलं. पाण्याचा उपसा आणि हिरवा पट्टा गिळणारा विकास आराखडा या दोन्हींविरुद्ध ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एकत्र रस्त्यावर उतरले. पाणी आणि जमीन यांत ज्यांचा पैसा गुंतला होता, अशा बलाढ्य लोकांशी हे वैर होतं. झगा घातलेल्या धर्मगुरूने त्यात पुढे उभं राहणं ही त्या काळी मोठी धिटाई होती.

दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. पर्यावरणाचा लढा हा त्यांच्या लेखी पौरोहित्याचाच भाग होता. 2020 च्या जानेवारीत ते 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. संमेलन भरलं उस्मानाबादला, मराठवाड्याच्या पाणीटंचाईच्या मुलखात. पाण्यासाठी लढलेल्या माणसाला याहून योग्य गाव मिळालं नसतं. 25 जुलै 2024 रोजी त्यांचं निधन झालं. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ‘लौदातो सी’ या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचं जाहीर केलं. त्याच्या पाव शतक आधी वसईच्या धर्मग्रामांत हा विषय मोर्चांतून मांडून झाला होता.

आंदोलनाने टँकरचा जोर कमी केला, पण जमिनीच्या भावापुढे बावखलं टिकली नाहीत. रहाट गेले, पंप आले, नळ आला, आणि बिनवापराचं बावखल ही बंगल्याची किंवा इमारतीची जागा ठरली. डंपरभर राबिट टाकलं की काम झालं. हे एकट्या वसईचं दुखणं नाही. बंगळुरूचं धर्मांबुधी तळं बुजवून मॅजेस्टिकचं बसस्थानक झालं, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आलं. 1949 मध्ये वसवलेल्या राजाजीनगरच्या कडेने वाहणारी वृषभावती आज सांडपाण्याची वाट झाली आहे. 2024 च्या उन्हाळ्यात त्या शहरातल्या जवळपास 13,900 सरकारी कूपनलिकांपैकी 6,900 कोरड्या पडल्या.

वसईला बुजवलेल्या पाणथळांचा हिशेब पावसाळ्यात चुकवावा लागला. जुलै 2018 मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होतं. नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडाले, लांब पल्ल्याची गाडी अडकून पडली आणि मिठागरातल्या वस्तीतली माणसं पुराने वेढली गेली. पाणी मुरायला आणि थांबायला पूर्वी ज्या जागा होत्या, तिथे आता भराव होता. त्यानंतर काही गावांतल्या तरुणांनी उरलेल्या बावखलांतला गाळ काढायला सुरुवात केली. हे काम फार मोलाचं आहे. धर्मग्रामांनी, ग्रामसभांनी आणि महापालिकेने ते आपलं मानावं, आणि गावनिहाय बावखलांची नोंद सातबाऱ्यावर व्हावी. नोंद नसलेलं पाणी बुजवणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही.

दरम्यान वसई-विरार महापालिकेची तहान पेल्हार, उसगाव आणि पापडखिंडीच्या छोट्या धरणांनी भागेनाशी झाल्याला बरीच वर्षं झाली. मुख्य भिस्त आता सूर्या नदीवरच्या धामणी धरणावर आहे. एमएमआरडीएच्या 403 दशलक्ष लिटरच्या योजनेतून रोज 185 दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि 218 दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला द्यायचं ठरलं. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, विक्रमगड आणि पालघर भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी आखलेला होता. आपल्या वाट्याचं पाणी शहरांकडे वळवू नका, अशी त्या शेतकऱ्यांची मागणी आहे, आणि 1980 च्या दशकात वसईचा शेतकरी टँकरपुढे उभा राहून हेच मागत होता.