पिकअपचे जुने भाग: काय चालतं, काय नाही

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पिकअपवाले दोन तऱ्हेचे भेटतात. एकाला भंगारातल्या मालाला हातही लावायचा नसतो. दुसरा म्हणतो, जुनं लोखंड तेच खरं, हल्लीचा माल म्हणजे नुसता पत्रा! दोघांचंही निम्मंच खरं आहे.

वापरलेला भाग म्हणजे संपलेला भाग, हा पहिला गैरसमज. गिअरबॉक्सचं हाउसिंग, मागच्या एक्सलची नळी, दरवाजे यांना झीज अशी फारशी नसते. भेग नसेल आणि बेअरिंगची जागा ढिली झाली नसेल, तर ते दुसऱ्या गाडीत खुशाल चालतात. क्रँकशाफ्ट तर झिजणार हे धरूनच पुढची सोय केलेली असते. त्याचे जर्नल ग्राइंड करून बारीक करतात आणि तेवढंच जाड बेअरिंग घालतात. गॅरेजात यालाच ‘दहा साइज’, ‘वीस साइज’ म्हणतात. दहा म्हणजे इंचाचे दहा सहस्रांश, साधारण ०.२५ मिलिमीटर, वीस म्हणजे ०.५०. त्यामुळे क्रँक किती वर्षं चालला यापेक्षा आतापर्यंत किती साइज झाला, हे विचारायचं. उत्तर मायक्रोमीटरकडून घ्यावं, दुकानदाराकडून नव्हे.

क्राउन-पिनियनचं मात्र वेगळं. हे दोन गिअर कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीनं जुळवलेले असतात. पिनियनचा दात तुटला म्हणून एकट्या पिनियनसाठी बाजार धुंडाळणारे पुष्कळ. मग गाडी आधी घोंघावते आणि नंतर उरलेले दातही खाते. घ्यायची तर जोडीच.

‘न वापरलेला म्हणजे नवा’ हा समज याहून धोक्याचा, कारण रबर कपाटात ठेवलं तरी म्हातारं होतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही कोरी दिसो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. ओलावा शिरल्यावर तेच प्रमाण १४० अंशांवर येतं. कांद्याच्या गोण्या भरून घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइलची वाफ झाली, की पेडल थेट खाली जातं. म्हणून ब्रेकचे लायनर, होस, व्हील सिलिंडरची रबरं आणि ऑइल यांत भंगार नको, आणि उघड्या डब्यातलं उरलंसुरलंही नको.

आता ‘ओरिजिनल’ची गोष्ट. बेअरिंग, फिल्टर, क्लच प्लेट यांपैकी बरंचसं गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही. पुरवठादार बनवतात, कंपनी आपल्या खोक्यात घालते. ६२०५ क्रमांकाचं बॉल बेअरिंग कुणीही बनवो, आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटरच. नामांकित बेअरिंगवाल्याच्या स्वतःच्या खोक्यातला माल दुय्यम ठरत नाही. खोकी मात्र नकलीही छापली जातात, तेव्हा पक्कं बिल देणारं दुकान गाठावं.

गाडीचं नाव एक म्हणून भाग एक, असंही नसतं. बोलेरोच्या जुन्या डीआय इंजिनात डिझेल पंप यांत्रिक आहे. नंतरची कॉमन रेल इंजिनं संगणकावर चालतात. एकाचा इंजेक्टर दुसऱ्याला लागत नाही.

आणि कागद. ‘इंजिन माझं, मी वाटेल ते बसवीन’ हे कायद्याला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी आणि आरसीवर नोंदही. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो, म्हणजे नंबर कधीतरी जुळवला जाणारच. शिवाय माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसं वाटण्याजोगं कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुनं इंजिन घेताना बिलावर इंजिन नंबर आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचा नंबर, दोन्ही लिहून घ्यावेत. नंबरची जागा ग्राइंडरनं घासलेली दिसली, की जाणता मिस्त्री भावही विचारत नाही.