मापाचं दान

सकाळचे साडेसात. बार्शीतल्या एका मंगल कार्यालयाच्या दाराशी टेबल मांडलंय आणि टेबलामागं एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर बसलेत. समोर तीच जुनी पत्र्याची पेटी. तिच्या खणांत आज तिकिटं नाहीत. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा आणि सुट्टी नाणी आहेत. आत हॉलमध्ये जयपूर फूटचं शिबिर आहे. पाय गेलेल्या माणसांना इथं कृत्रिम पाय मोफत बसवून मिळतो. पण नाव-गाव लिहून घेण्याआधी मास्तर प्रत्येकाला एकच गोष्ट विचारतात.

"कुठनं आलाव? गाडीभाडं किती पडलं?"

भूमच्या पुढच्या एका वाडीवरून आलेली बाई काखेत कुबड्या धरून उभी आहे. वय पस्तिशीच्या आसपास. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. तीन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेली असताना भरल्या गाडीचं चाक पायावरून गेलं. सोबत म्हातारी आई आहे.

"भाडं कशाला सांगायचं?" आई संकोचते. "पाय फुकट देताय, तेवढं लई झालं."

"मावशी, पाय फुकट हाय. तुमचा आजचा रोज बुडला, त्यो कुठं फुकट हाय?"

मास्तर नोटा मोजायला लागलेसुद्धा. वाडीपासून भूमपर्यंत जीप, भूमपासून बार्शीपर्यंत एसटी, दोघींचं येण्याजाण्याचं. कुठल्या टप्प्याला किती, हे त्यांना कागदात बघावं लागत नाही. त्यावर आईचा खुरपणीचा एक रोज. म्हातारी पैसे घेऊन तशीच उभी राहते. कनवटीला लावावेत की परत द्यावेत, तिला कळत नाहीये. मास्तर बोटातली अंगठी पेटीच्या झाकणावर दोनदा वाजवतात. टण् टण्. "चला, आत. गाडी सुटली."

मी त्या दोघींच्या मागं आत जाते.

व्यासपीठावर परवाच्या लग्नातली झेंडूची तोरणं अजून लटकतायत. जिथं नवरा-नवरी बसतात तिथं आता प्लास्टरच्या पोत्यांची थप्पी आहे. हॉलभर ओल्या प्लास्टरचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. खुर्च्यांवर साठ-सत्तर माणसं बसलीत. कुणाचा पाय मोटारसायकलच्या अपघातात गेलाय, कुणाचा मळणी यंत्रात. एक आजोबा आहेत, त्यांना साखरेचा आजार. अंगठ्याला झालेली छोटी जखम चिघळत गेली आणि पाय कापावा लागला. साप चावलेला एक तरुण पोरगा आहे. तो कुणाशीच बोलत नाही, नुसता मोबाइल बघतोय.

कारागिरांतले सगळ्यात जुने राजस्थानचे आहेत. मराठी मुलखात इतकी शिबिरं केलीत, की हिंदी-मराठी एकाच वाक्यात बोलतात. टेबलावर ओळीनं मांडलेल्या पावलांतलं एक उचलून ते माझ्या हातात देतात. "पकडा. वाकवून बघा."

पाऊल वजनदार आहे. रंग आपल्या कातडीसारखा गव्हाळ, बोटं सुटी दिसणारी, नखंसुद्धा घडवलेली. आत टाचेच्या आणि चवड्याच्या जागी स्पंजासारखं रबर, घोट्याच्या जागी लाकूड, आणि या सगळ्यावर साच्यात घालून पक्कं केलेलं टायरच्या जातीचं चिवट रबर. मी वाकवते तर ते वर वाकतं, थोडं आडवंही फिरतं. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८ च्या सुमारास हे पाऊल घडलं. रामचंद्र शर्मा हे कारागीर, शाळा फारशी न शिकलेले, आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक, या दोघांची नावं त्यात पुढं आहेत. तेव्हाचं परदेशी पाऊल बुटात घालायचं होतं. त्यावर मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. आपल्याकडं जेवण, पूजा, शेत, संडास, सगळंच जमिनीशी. म्हणून अनवाणी चालणारं पाऊल हवं होतं.

पाऊल तर झालं. त्याचं पेटंटही घेतलं नाही, म्हणजे कुणीही बनवावं. तरी पहिल्या सात वर्षांत ते जेमतेम पन्नास-साठ माणसांना मिळालं. या गोष्टीतलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हेच. पुढं देवेंद्रराज मेहता या सरकारी अधिकाऱ्यानं, ज्यांचा स्वतःचा पाय १९६९ च्या मोटार अपघातात जाता जाता वाचला होता, १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली. पाय मोफत द्यायचा, आल्या माणसाला शक्यतो त्याच दिवशी द्यायचा आणि त्यासाठी देणगीदार गोळा करायचे. मग तोच पाय लाखो लोकांपर्यंत गेला. शोध एकदाच लागतो. तो माणसाच्या दारापर्यंत पोचवायला मात्र रोज कुणीतरी हात लावावा लागतो.

"बहनजी, इकडं या." कारागीर त्या बाईला बोलावतात. दोन स्वयंसेविका चादर धरून आडोसा करतात. बाई लुगडं वर घेते आणि तोंड भिंतीकडं करते. तीन वर्षांत हा खुंट डॉक्टरशिवाय कुणाला दाखवलेला नाही, हे तिच्या मानेवरूनच समजतं. कारागीर त्याकडं कुंभारानं माती पाहावी तसं बघतात. बोटांनी चाचपतात. "इथं दुखतं? इथं? हाड इथं संपतं ना?" खुंटावर पातळ मोजा चढवतात, शाईच्या पेन्सिलीनं खुणा करतात, मग पाण्यात भिजवलेली प्लास्टरची पट्टी गुंडाळू लागतात. गुंडाळून झाल्यावर गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरतात. उद्या बाईचा भार याच जागी पेलायचा आहे.

"गरम लागतंय," बाई एकदम म्हणते.

"लागणारच. प्लास्टर सेट होताना गरम होतं. अजून काय लागतं ते सांगा."

"न्हाई, ठीक हाय."

"ठीक है मत बोलो. सांगा."

ते ऐकताना मला माझ्या आजोळच्या माजघरातली खुंटी आठवते. त्या खुंटीला मामाचा पाय टांगलेला असे. ट्रकखाली पाय गेल्यावर मामाला एका शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. कुठल्या, ते महत्त्वाचं नाही. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. हार घातले, फोटो काढले, टाळ्या वाजल्या. पण पाय घाईत बसवलेला होता, चार पावलं टाकली की कातडी सोलायची. मामानं तो आठ दिवस घातला आणि मग खुंटीला लावला. परत जाऊन सांग ना, असं मी म्हटलं की तो म्हणायचा, "धर्माची गाय, तिचे दात कशाला मोजायचे?" शेवटपर्यंत तो काठीवर राहिला. देणाऱ्यांच्या वहीत मात्र तो 'पाय दिला' या रकान्यात होता.

साचा निघतो. त्यात प्लास्टर ओततात, ते घट्ट झालं की बाईच्या खुंटाचीच पांढरी प्रतिमा हातात येते. कारागीर कानसीनं ती घासतात. जिथं भार यायचा तिथं खोल, जिथं हाड टोकदार तिथं जरा भर. शेजारच्या भट्टीतून दोघेजण हातमोजे घालून एक निमुळता पाइप काढतात. शेताला पाणी न्यायचा असतो त्याच जातीचं प्लास्टिक. तो मळलेल्या कणकेसारखा मऊ झालाय. बघता बघता ते तो साच्यावर ओढून बसवतात आणि ओल्या फडक्यानं दाबत जातात. पाइपला पोटरीचा आकार येतो. खालून पाऊल, वरून पट्टा.

दरम्यान जेवणं चाललीत. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. वाढणाऱ्यांत एक जण किंचित लंगडतोय. त्याच्या पायजम्याखाली तसंच गव्हाळ पाऊल आहे. चहाची गाडी चालवतो, दुसऱ्यांदा पाय बदलून घेतलाय. हा पाय तीन-चार वर्षांत झिजतो, मग नवा लागतो. म्हणजे एकदा देऊन मोकळं होता येत नाही.

व्यासपीठाच्या बाजूला भिंतीवर एक कार्डशीट चिकटवलंय. देणगीची यादी आहे, पण नावं नाहीत. मी जवळ जाऊन वाचते. 'आईच्या तेराव्याचा खर्च वाचवून : ४ पाय.' 'बचत गट, १२ जणी : १ पाय.' 'आठवीचा वर्ग, रद्दी विकून : मोजे आणि पट्टे.' 'किराणा दुकानातला डबा : १ पाय.' 'निनावी : ३० जणांचं गाडीभाडं.' ही शेवटची ओळ मी दोनदा वाचते. पायासाठी पैसे देणारा डोळ्यांपुढं चालणारा माणूस आणतो. गाडीभाडं देणाऱ्यानं मात्र घरातून निघूच न शकणारा माणूस डोळ्यांपुढं आणलाय.

चारच्या सुमाराला बाई लोखंडी दांड्यांच्या मधे उभी राहते. नवा पाय पट्ट्यानं बांधलेला. दोन्ही हातांत दांड्या घट्ट. एक पाऊल. दुसरं. आई तोंडाला पदर लावते. शेजारचे दोघे-तिघे टाळ्या वाजवायला हात उचलतात, तर कारागीर त्यांना हातानंच थांबवतात. "ताई, कुठं टोचतं?"

"न्हाई टोचत."

"चेहरा सांगतो, टोचतं."

बाई आईकडं बघते. आई हळूच म्हणते, "आसंल थोडं. चालवून घे, बाळा. फुकट देत्यात." इतक्यात दारातले मास्तर टेबल सोडून आत आलेत. ते म्हणतात, "मावशी, हितं चालवून घ्यायचं न्हाई. पाय तिच्या मापाचा पायजे. आमच्या मापाचा न्हाई."

बाई खाली बघत नडगीच्या वरच्या कडेला बोट लावते. "हितं." पाय काढतात. गरम हवेच्या यंत्रानं तेवढीच जागा तापवतात, आतून फुगवतात, थंड करतात, पुन्हा बांधतात. सहा पावलं. "अजून जरा हितं बाजूला." पुन्हा काढतात. साप चावलेल्या पोरानं मोबाइल खिशात टाकलाय, तो टक लावून बघतोय. तिसऱ्या खेपेला ती कुणी विचारण्याआधीच मोठ्यानं सांगते, "पट्टा आवळतोय." तो आवाज सकाळचा नाही. माझा मामा जे वाक्य कधी बोलू शकला नाही, ते ही बाई भरल्या हॉलमध्ये बोलतेय आणि तिच्यावर कुणी रागावत नाही. दात मोजले म्हणून इथं कुणाचा धर्म बुडत नाही. कारागीर पट्टा सैल करतात आणि हसून म्हणतात, "आता बरोबर बोललात."

चौथ्या खेपेला ती दांड्या सोडते. भिंतीपर्यंत जाते, वळते, येते. मग कुणी सांगितलं नसताना माठापाशी जाते, गुडघे दुमडून सावकाश उकिडवी बसते, तांब्यात पाणी घेते आणि जमिनीला हात टेकून उठते. थोडं पाणी सांडतं. उरलेला तांब्या ती आईला देते.

साडेपाच वाजता दोघी निघतात. स्वयंसेविकेनं कार्डावर पुढच्या शिबिराचा महिना आणि फोन नंबर लिहून दिलाय. मास्तरांनी एका पाकिटात पुढच्या खेपेचं भाडं घालून वर 'दुरुस्ती' असं लिहिलंय. बाई फाटकाशी पोचते न पोचते तोच पेटीवर अंगठी एकदाच वाजते. टण्. थांबा. दोघी थबकतात.

"ताई, एक कुबडी न्या संगं. पहिलं आठ दिस लागतीया. लाजू नका."

बाई परत येते, भिंतीशी टेकवलेल्या ढिगातून आपली एक कुबडी ओळखून काढते आणि काखेत न घालता हातात धरते. फाटकाबाहेर उतार आहे. तिथं ती क्षणभर थांबते, नवं पाऊल आधी टेकवते, अंदाज घेते.

मागून दोनदा आवाज येतो. टण् टण्.