ज्यांना नोकरीवरून कुणी काढू शकत नव्हतं

२ सप्टेंबर १९५५ रोजी शिकागोच्या रेल्वे स्थानकावर दक्षिणेकडून आलेल्या गाडीतून एक मोठी लाकडी पेटी उतरवली गेली. आत १४ वर्षांच्या एमेट टिलचं शव होतं. सुट्टीसाठी तो मिसिसिपीत आईच्या मावशीकडे गेला होता. तिथल्या एका किराणा दुकानात तो गोऱ्या दुकानदारणीशी आगाऊपणे वागला, असा बोभाटा झाला. २८ ऑगस्टच्या रात्री दोन गोऱ्या माणसांनी त्याला घरातून उचलून नेलं, हालहाल करून मारलं आणि सरकी काढण्याच्या यंत्राचा जड पंखा काटेरी तारेने गळ्याला बांधून टॅलहॅची नदीत टाकलं. शव सापडताच शेरिफने ते तिथल्या तिथे पुरून टाकायचा घाट घातला. खड्डाही खणायला घेतला होता. आईने, मेमी टिल यांनी, शिकागोतून हलवाहलव केली म्हणून मुलगा निदान घरी परतला. तोही एका अटीवर : पेटी उघडायची नाही.

ही अट मान्य असल्याचा कागद ए. ए. रेनर यांना सही करून द्यावा लागला होता. रेनर हे शिकागोच्या दक्षिण भागातले कृष्णवर्णीय अंत्यविधी व्यावसायिक. ‘ए. ए. रेनर अँड सन्स’ हे त्यांच्या घरचं फ्युनरल होम. मेमी टिल त्यांना म्हणाल्या की सही तुम्ही केलीत, मी नाही. हातोडा द्या, मी उघडते. रेनर यांनी पेटी उघडली. मुलाला थोडं नीटनेटकं करू का, असं त्यांनी विचारलं. आईने नाही म्हटलं. जे झालं ते जगाला दिसू दे, असं तिचं म्हणणं होतं. तरीही रेनर यांनी जिथे अगदीच बघवत नव्हतं तिथे थोडे टाके घातले, असं मेमी टिल यांनी पुढे आत्मकथनात लिहिलं आहे. मग काचेचं झाकण बसवलेल्या शवपेटीत त्याला ठेवलं आणि शिकागोच्या चर्चपुढे अंत्यदर्शनाच्या रांगा लागल्या. दहा-दहा हजारांनी माणसं आली. ‘जेट’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने फोटो छापले. पुढच्या दशकात रस्त्यावर उतरलेल्या तरुणांपैकी कितीतरी जणांनी सांगून ठेवलंय की त्या फोटोने आपल्याला झोपू दिलं नाही.

या प्रसंगात आईचं धैर्य सगळ्यांना दिसतं आणि तसंच दिसायला हवं. मला मात्र रेनर यांच्याकडेही बघावंसं वाटतं. मिसिसिपीचे अधिकारी नको म्हणत असताना हा माणूस पेटी उघडू शकला, कारण त्याचं पोट त्या अधिकाऱ्यांच्या हातात नव्हतं. गोऱ्या मालकाची नोकरी नाही, गोरं गिऱ्हाईक नाही. त्याच्या दारात येणारं प्रत्येक घर त्याच्याच समाजाचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नागरी हक्क चळवळीत फ्युनरल होम चालवणारी घराणी पुन्हा पुन्हा का भेटतात, याचं उत्तर इथे आहे.

हा धंदा त्यांच्या हाती आला कसा, ती हकिगत यादवी युद्धापासून सुरू होते. त्याआधी अमेरिकेत मयताचं सगळं घरातच होई. बायका शवाला आंघोळ घालत, गावातला सुतार पेटी करून देई. १८६१ ते १८६५च्या युद्धात हजारो सैनिक घरापासून शेकडो मैलांवर मेले आणि शव टिकवून गावी पाठवण्याची गरज निर्माण झाली. धमनीतून औषधी द्रावण सोडून शव टिकवायचं तंत्र, म्हणजे एम्बामिंग, त्या काळात रुळलं. १८६५मध्ये लिंकन यांचं शव वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला रेल्वेने नेलं, तेव्हा वाटेत गावोगावी लाखो लोकांनी ते पाहिलं आणि या तंत्राची सगळ्या देशाला ओळख झाली. पुढे पेट्या करणारे सुतार आणि घोडागाड्या भाड्याने देणारे लोक हळूहळू पूर्णवेळ याच कामात शिरले. १८८२मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. खाली धंदा आणि वर बिऱ्हाड, बापामागून मुलगा, ही रीत तेव्हापासूनची.

गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी स्वातंत्र्य मिळताच ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांत चर्चच्या खालोखाल होती ती मर्तिकाची भिशी म्हणावी अशी मंडळं. दर आठवड्याला चार पैसे टाकायचे आणि मरण आलं की मंडळाने पेटी, गाडी, खड्डा सगळं पाहायचं. मळ्यावर मेलेल्या गुलामाला धडपणे पुरलं जाईल याची शाश्वती नव्हती. ज्यांनी ते पाहिलं होतं त्यांना आपल्या माणसाची पाठवणी थाटात व्हावी असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. समाजशास्त्रज्ञ डु बॉइस यांनी १९०७मध्ये कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सहकार्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अशा मंडळांची दखल आहे.

दक्षिणेत गोऱ्यांची फ्युनरल होम्स कृष्णवर्णीयांना घेत नसत, घेतलंच तर मागच्या दाराने. दफनभूम्याही वेगळ्या. या वेगळेपणाने माणसांचा अपमान केला, पण या एका धंद्याला बाहेरच्या स्पर्धेपासून कुंपणही घातलं. अलाबामातले ए. जी. गॅस्टन यांनी ते ओळखलं. ते पोलाद कंपनीत मजुरी करत असताना साथीदारांच्या घरी मयत झालं की चर्चमध्ये झोळी फिरे. त्यातून त्यांना कल्पना सुचली आणि १९२३मध्ये त्यांनी दफनविमा मंडळ काढलं. मग सासऱ्यांबरोबर ‘स्मिथ अँड गॅस्टन’ हे फ्युनरल होम, मग विमा कंपनी, बँक आणि १९५४मध्ये बर्मिंगहॅममध्ये मोटेल. १९६३च्या वसंतात मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याच मोटेलच्या ३० नंबरच्या खोलीत आंदोलनाचं ठाणं मांडलं. किंग तुरुंगात गेले तेव्हा जामिनाच्या पैशांची सोय गॅस्टन यांनी केली. त्यांचा स्वभाव जहाल नव्हता. शाळकरी मुलांना मोर्चात उतरवणं त्यांना पसंत नव्हतं आणि त्यावरून किंग यांच्या साथीदारांशी त्यांचे खटकेही उडाले. तरी त्या मे महिन्यात बॉम्ब पडला तो त्यांच्या मोटेलवर. ते १०३ वर्षं जगले, १९९६मध्ये वारले.

डेट्रॉइटमध्ये ‘हाउस ऑफ डिग्ज’ होतं. त्या घरातले चार्ल्स डिग्ज परवानाधारक अंत्यविधी व्यावसायिक होते आणि १९५४मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय. एमेट टिलच्या मारेकऱ्यांवरचा खटला मिसिसिपीतल्या सम्नर गावी चालला, तेव्हा ते तिथे गेले. कोर्टात त्यांना कृष्णवर्णीय वार्ताहरांच्या टेबलाशी बसवलं गेलं. त्याच कोर्टात ग्रीनवुडचे कृष्णवर्णीय अंत्यविधी व्यावसायिक चेस्टर मिलर यांनी साक्ष दिली. नदीकाठावरून शव त्यांनीच नेलं होतं. बोटातल्या अंगठीची ओळख त्यांनी सांगितली. त्या काळी मिसिसिपीत गोऱ्या आरोपींविरुद्ध उभं राहणं म्हणजे जिवाशी गाठ होती. सगळ्या गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपींना तासाभरात निर्दोष सोडलं.

फ्युनरल होमच्या आतलं काम कसं चालतं ते सांगायला हवं, कारण या घराण्यांची पत तिथे ठरते. शव आलं की आधी ओळखपट्टी, मग आंघोळ. पापण्यांखाली पातळ टोपणं बसवून डोळे मिटायचे, जबडा टाक्याने किंवा तारेने जुळवायचा. मानेजवळची धमनी उघडून फॉर्माल्डिहाइड मिसळलेलं द्रावण पंपाने आत सोडायचं आणि शेजारच्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं. द्रावण बोटांच्या टोकापर्यंत पोचावं म्हणून हात-पाय चोळत राहायचं. बाजारातली रंगद्रव्यं आणि प्रसाधनं गोऱ्या कातडीच्या हिशेबाने बनत. म्हणून कृष्णवर्णीय कारागीर स्वतः रंग मिसळून मेलेल्याचा मूळ वर्ण गाठायचे. बाईचे केस बहुधा तिच्या नेहमीच्या केशभूषाकारिणीच्या हातचे. नातेवाईक पेटीशी आले आणि ‘ही आमचीच आई’ असं त्यांना वाटलं, की कारागिराचं काम झालं. ज्या समाजातली शवं मारून, फासावर लटकवून, ओळखू येणार नाहीत अशी टाकली जात होती, तिथे या कसबाचं मोल केवढं असेल!

मयताच्या गाडीला आणखीही कामं होती. अमेरिकेत रुग्णवाहिकांची व्यवस्था नीट लागलेली नव्हती, तेव्हा आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी फ्युनरल होमकडेच असे. १९६६च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार देशातली निम्मी रुग्णवाहिका सेवा सुमारे १२,००० अंत्यविधी व्यावसायिक चालवत होते. दक्षिणेत गोऱ्यांची गाडी कृष्णवर्णीय जखमीसाठी येईलच याचा नेम नसे, त्यामुळे आपल्या वस्तीतल्या फ्युनरल होमला फोन करायचा हे लोकांना ठाऊक होतं. चळवळीच्या दिवसांत नेत्यांना रातोरात गावाबाहेर काढायलाही याच गाड्या कामी आल्या. मयताच्या गाडीला सहसा कुणी अडवत नाही. मेम्फिसच्या ‘आर. एस. लुइस अँड सन्स’ने एप्रिल १९६८मध्ये किंग यांच्या दिमतीला मोटार आणि चालक दिला होता. ४ तारखेच्या संध्याकाळी लोरेन मोटेलच्या सज्जाखाली उभा असलेला तो चालक, सॉलोमन जोन्स, किंग यांना म्हणाला, गारवा पडलाय, कोट घ्या. काही क्षणांत गोळी आली. ती रात्र लुइस बंधूंनी किंग यांचं शव दर्शनासाठी तयार करण्यात घालवली.

हे वाचताना मराठी माणसाच्या मनात आपला गावगाडा आल्याशिवाय राहत नाही. मर्तिकाची वर्दी परगावी पोचवायची, सरणाची लाकडं वाहायची, मेलेली जनावरं ओढायची ही कामं आपल्याकडे महार समाजावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेली होती. बदल्यात तुकडाभर वतन आणि उष्टं-पाष्टं. बाबासाहेबांनी १९२७मध्ये महाडला मेलेली गुरं ओढणं सोडा असं सांगितलं आणि १९२८मध्ये महार वतनाच्या जाचाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. इथे मृत्यूचं काम टाकून देण्यात मुक्ती होती. तिथे तेच काम हाती घेण्यात मिळाली. फरक मला असा दिसतो : आपल्याकडे ते काम दुसऱ्याच्या मयतासाठी होतं, वेठीचं होतं आणि त्याला दर नव्हता. तिकडे ते आपल्याच माणसांसाठी होतं, रोखीचं होतं आणि नाही म्हणायचा हक्क मालकाकडे होता. १९४६मध्ये बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. या धंद्याची गोष्ट त्या साम्यातला एक मोठा भेदही दाखवते.

या घराण्यांना डाग नव्हतेच असं मी म्हणणार नाही. हातावर पोट असलेल्या कुटुंबांनी पेटीवर आणि गाड्यांच्या ताफ्यावर ऐपतीबाहेर खर्च करायचा आणि त्यावर एका माणसाने इमले बांधायचे, ही टीका त्या समाजातूनच झाली आणि ती रास्त होती. साऱ्या अमेरिकेतल्या या धंद्याची लूट जेसिका मिटफर्ड यांनी १९६३मध्ये पुस्तक लिहून चव्हाट्यावर मांडली. १९८४पासून प्रत्येक फ्युनरल होमला गिऱ्हाइकाच्या हातात कलमवार दरपत्रक द्यावं लागतं. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हे दरपत्रक परिचयाचं आहे. तिकडे आपलं माणूस गेलं की इस्पितळातून ते फ्युनरल होममध्येच जातं, गुरुजींच्या वेळेनुसार तासाभराची खोली मिळते, मंत्र म्हटले जातात आणि मुलाने दहनयंत्राचं बटण दाबलं की अग्नी दिला असं मानतात. अस्थी पुढे कुणाच्या तरी सामानातून नाशिकला येतात.

१९८०-९०च्या दशकांत मोठ्या कंपन्यांनी घरगुती फ्युनरल होम्स विकत घ्यायचा सपाटा लावला. पाटी जुन्याच घराण्याची ठेवायची, म्हणजे गिऱ्हाईक बिचकत नाही. कॅनडाच्या लोवेन ग्रूपने तर कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चांच्या सर्वांत मोठ्या संघटनेशी करार करून तिच्या सभासदांना थडग्यांच्या जागा आणि दगड विकायला सुरुवात केली. १९९५मध्ये मिसिसिपीतल्या जेरेमाया ओकीफ या गोऱ्या, घरगुती व्यावसायिकाने करारभंगावरून लोवेनला कोर्टात खेचलं. त्यांचे वकील विली गॅरी कृष्णवर्णीय. चर्चशी झालेला तो सौदा गॅरी यांनी ज्यूरीपुढे उघडा केला आणि ज्यूरीने ५० कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. १९९६मध्ये साडेसतरा कोटींवर तडजोड झाली. १९९९मध्ये लोवेन दिवाळखोरीत गेली. २०२३चा ‘द बरियल’ हा चित्रपट याच खटल्यावर आहे. खटला जिंकला म्हणून घरगुती धंद्याचे दिवस पालटले नाहीत. १९६०च्या सुमारास अमेरिकेत शंभरात चार जणांचंही दहन होत नसे, आज साठच्या आसपास होतं. दफनापेक्षा दहन पुष्कळ स्वस्त. पेटी, थडगं, गाड्यांचा ताफा यांवर चालणारं घर त्याने हललं आहे आणि मुलं दुसऱ्या व्यवसायांत जात आहेत.

जे धंदे बंद होतात त्यांच्या वह्या आणि छापील कार्यक्रमपत्रिका कुठे जातात, हा म्हणूनच मोठा प्रश्न आहे. अंत्यविधीला वाटायच्या पत्रिकेवर मेलेल्याचा फोटो, जन्मगाव, आईबाप, भावंडं, चर्च, खांदेकरी अशी सगळी नावं असतात. अमेरिकेच्या जनगणनेत दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावं पहिल्यांदा आली ती १८७०मध्ये. त्याआधी गुलामांची नोंद नुसती वय, लिंग आणि वर्ण अशी. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत त्यांच्या मृत्यूच्या बातम्याही क्वचितच येत. म्हणून आपलं कूळ शोधणारे लोक आज या पत्रिकांकडे वळतात. अटलांटाच्या ऑबर्न अॅव्हेन्यू संशोधन ग्रंथालयातल्या अशा तीन हजारांहून अधिक पत्रिका आता संगणकावर वाचायला मिळतात. लोकांनी त्या जपल्या, चर्चमधल्या बायकांनी कपाटांत ठेवल्या आणि मग ग्रंथालयाला दिल्या. आणखी किती फ्युनरल होम्सच्या माळ्यांवर वह्या पडून आहेत, ते एकेक घर बंद होण्याआधी कुणीतरी जाऊन विचारायला हवं.